कंधारचा पाहुणा तहानलेला का परततो?

किल्ला, तलाव, दर्गा आणि सरबताचा धंदा : छोट्या दुकानदारांसाठी व कारागिरांसाठी काही हिशोबाच्या गोष्टी

सुट्टीच्या दिवशी कंधारच्या किल्ल्याजवळ तासभर उभे राहून पाहा. नांदेडहून, लातूरहून मोटारी येतात. मुले खंदकाच्या कडेने धावतात, मोठी माणसे तटावर चढून फोटो काढतात, कोणी दर्ग्यात जाऊन फातेहा पढतो. दीड-दोन तासांत मंडळी गाडीत बसतात आणि परत निघतात. गावात त्यांनी काय खरेदी केले? पाण्याची एक बाटली, कंपनीचे एखादे थंड पेय आणि चिप्सचा पुडा. हे तिन्ही बाहेर तयार होऊन आलेले असते. गावच्या दुकानदाराच्या हाती त्यातून उरतात ते दोन-चार रुपये. पाहुणा आला, गावचे ऊन खाल्ले आणि गावचे काहीही न चाखता गेला.

व्यापारी बंधूंनो, हा धंदा मोठ्या भांडवलाचा नाही. मात्र त्यात थोडे शास्त्र आहे, थोडा कायदा आहे आणि बरीचशी सचोटी आहे. या तिन्हींचा विचार या लेखात करावयाचा आहे.

डोंगरावरच्या गावांनी काय केले?

महाराष्ट्रातील थंड हवेच्या ठिकाणांकडे आधी पाहू. महाबळेश्वर-पाचगणीला माणूस हवा खायला जातो, वेण्णा तलावावर नाव चालवतो, घोड्यावर बसतो. पण घरी येताना त्याच्या पिशवीत स्ट्रॉबेरीच्या सरबताची बाटली असते. पाचगणीला १९५९ मध्ये सुरू झालेला 'मॅप्रो'चा लहानसा फळप्रक्रिया उद्योग याच गिऱ्हाइकावर वाढला. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. माथेरानला मोटारींना बंदी आहे. पायी किंवा घोड्यावर फिरून घसा कोरडा पडलेला माणूस तेथे कोकम सरबताच्या दुकानाशी आपोआप थांबतो. विदर्भातील चिखलदऱ्याला कॉफी पिकते, म्हणून तेथे कॉफीचे नाव निघते.

या सर्व ठिकाणी एकच सूत्र दिसते. पाहुण्याला चालायला लावणारी जागा हवी, चालून झाल्यावर बसायला सावली हवी आणि त्या सावलीत त्याच मातीतले पेय हवे. ते पेय आवडले की तो त्याची बाटली घेऊन घरी जातो. पहिला नफा पेल्याचा आणि दुसरा बाटलीचा.

आपल्या नांदेड जिल्ह्यात डोंगरावरचे गाव म्हणजे माहूर. रेणुकामातेचे मंदिर, सोनापीर बाबांचा दर्गा, किल्ला आणि जवळच वझरा शेख फरीदचा धबधबा यांमुळे तेथे सर्व धर्मांची माणसे जातात. कंधार हे त्या अर्थाने गिरिस्थान नव्हे. बालाघाटच्या रांगांमध्ये, मन्याड नदीच्या खोऱ्यात वसलेले हे जुने नगर आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण 'कंधारपुरवराधीश्वर' ही पदवी लावीत असे. जगत्तुंग सागर हा राष्ट्रकूटकालीन तलाव आजही गावाजवळ आहे. पाण्याच्या खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला, त्यात पुढे झालेली मुस्लिम राजवटींची बांधकामे, हजरत हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा, मन्याडवरचे बारूळचे धरण आणि शेजारच्या लोहा तालुक्यातील लिंबोटीचे धरण एवढे सगळे एका दिवसाच्या फेरीत बसते. महाबळेश्वरची थंडी येथे नाही हे खरे. पण तहान मात्र महाबळेश्वरपेक्षा जास्त आहे, आणि सरबतवाल्याचे भांडवल तहान हेच असते.

मोसम ओळखून माल ठेवा

बारा महिने एकच पेय विकणारा दुकानदार सहा महिने माश्या मारतो. आपल्या भागाचा मोसम असा आहे :

फेब्रुवारी ते मे हा उसाच्या रसाचा काळ. नांदेड-लातूरकडे ऊस आहे, रसवंतीचे घुंगरू कुणालाही ओळखीचे आहे. चांगल्या चरकातून दहा किलो उसाला साधारण पाच लिटर रस निघतो. बर्फ धरून त्याचे पंचवीस पेले होतात. समजा, ऊस ८० रुपयांचा आणि लिंबू, आले, बर्फ मिळून ४० रुपये लागले, तर खर्च १२० रुपये झाला. पेला १५ रुपयांना गेला तर ३७५ रुपये येतात. उरलेल्या २५५ रुपयांतून जागा, वीज आणि मजुरी वजा करावी. आपल्या गावचे भाव घालून हा हिशोब प्रत्येकाने स्वतः मांडावा. रस हवेशी लागताच काळपट पडू लागतो. लिंबामुळे ते मंदावते, म्हणून लिंबू केवळ चवीसाठी नसते. रस काढून घागरीत भरून ठेवू नये. गिऱ्हाईक समोर उभे राहिल्यावरच ऊस चरकात घालावा.

एप्रिल ते जून कैरीचे पन्हे. कैरी उकडून किंवा भाजून गर काढावा, गूळ व वेलची घालावी. साखरेपेक्षा गुळाचे पन्हे गावरान वाटते आणि शहरातला माणूस तेच मागतो.

मठ्ठा उन्हाळाभर चालतो. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. 'लाल कंधारी' ही आपल्या तालुक्याच्या नावाची गाय देशभर ओळखली जाते, पण ती मुळात शेतीकामाच्या बैलांची जात आहे. दूध थोडेच देते. म्हशीच्या दुधाचे ताक करून त्यावर 'लाल कंधारीचे ताक' अशी पाटी लावणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक होय. खरोखर त्या गाईचे दूध मिळत असेल तर मात्र पाटी मोठ्या अक्षरांत लावा. ज्याच्या गोठ्यात गाय आहे त्यालाही चार पैसे मिळतील.

सप्टेंबर ते नोव्हेंबर सीताफळ. बालाघाटच्या खडकाळ जमिनीचे हे फळ. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सीताफळाचा गर दुधात घालून गार पेय उत्तम होते. पण एक पथ्य पाळावे : हा गर आचेवर ठेवू नये, तापवला की कडवट होतो. बिया काढून गर गोठवून ठेवावा आणि लागेल तसा वापरावा.

डिसेंबर-जानेवारीत चहा. १९४८ पर्यंत आपला भाग हैदराबाद संस्थानात होता आणि दाट दुधाच्या चहाची आवड तेव्हापासूनची आहे. याच दिवसांत मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते, घोडे-उंटांचा बाजार भरतो. यात्रेला येणारी काही मंडळी कंधारचा किल्लाही पाहतात. उर्सच्या दिवसांत तर रात्रीही गिऱ्हाईक असते. तेव्हा गुलाब, केवडा, सब्जा घातलेले दूध आणि फालुदा ठेवावा. 'रूह अफ्झा'चे नाव १९०७ पासून लोकांच्या तोंडी आहे. त्याच्याशी स्पर्धा करू नका, आपली वेगळी चव ठेवा.

बाटलीत भरण्याचे सरबत

घरी नेण्याच्या बाटलीसाठी लिंबू सर्वांत सोपे. एक लिटर लिंबाच्या रसाला दोन किलो साखर घातली तर सुमारे सव्वादोन लिटर पाक-सरबत तयार होते. एका भागाला पाच भाग पाणी घालून प्यावे. एवढी साखर का, असे कोणी विचारील. पाकात साखरेचे प्रमाण १०० ग्रॅमला ६५ ग्रॅम किंवा अधिक असले की जंतूंना वाढायला मोकळे पाणीच उरत नाही. काटकसर म्हणून साखर कमी केली की आठवड्यात बाटली फसफसते. साखर वाचली आणि गिऱ्हाईक गेले, असा तो व्यवहार होतो.

फसफसणे याचा आणखी एक अर्थ आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावा. गोड रस आंबला की त्यात मद्यार्क तयार होतो. शिंदी-ताडाची नीरा पहाटे गोड व निर्दोष असते, पण ऊन वाढत जाते तशी ती आंबून ताडी बनते. नीरेच्या विक्रीला सरकारी परवान्याचे बंधनही आहे. थंड ठेवण्याची पक्की व्यवस्था नसेल तर त्या वाटेला न गेलेले बरे. हाच नियम कालच्या उसाच्या रसालाही लागू आहे. शिळा रस विकणे धंद्यालाही वाईट आणि इमानालाही.

गोटी सोडा पुन्हा लोकांना आवडू लागला आहे. हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ मध्ये ही बाटली काढली. आतल्या वायूच्या दाबाने काचेची गोटी तोंडाशी असलेल्या रबरी कड्यावर घट्ट बसते, हीच तिची झाकणी. रबर झिजले की वायू निसटतो, म्हणून कडी वेळच्या वेळी बदलावीत. बाटली परत येणारी असल्याने प्लास्टिकचा कचरा होत नाही. किल्ल्याजवळ दुकान असणाऱ्याने याचा विशेष विचार करावा.

पाणी, बर्फ आणि रंग

सरबताचा धंदा एका दिवसात बुडतो तो पाण्यामुळे. एका कुटुंबाला जुलाब किंवा कावीळ झाली की गावाचे नाव पार नांदेडपर्यंत जाते, आणि प्रामाणिक दुकानदारही त्यात भरडला जातो. पाणी उकळलेले किंवा चांगल्या गाळणीचे असावे. बर्फाबाबत अधिक सावध राहावे. मासळी व माल गार ठेवण्याचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. खाण्याचा आणि न खाण्याचा बर्फ ओळखता यावा म्हणून २०१८ पासून महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम आहे. तसा बर्फ पेल्यात कधीही घालू नये. पांढरा बर्फही कोठे बनला हे विचारूनच घ्यावा, आणि पोत्यात व भुशात न ठेवता स्वच्छ पेटीत ठेवावा.

रंग घालायचाच असेल तर खाद्यपदार्थांना परवानगी असलेला, तोही चिमूटभर. कापडाचा गुलाबी रंग स्वस्त पडतो, पण तो विष आहे. खरे म्हणजे लिंबू, पन्हे, ताक यांना रंगाची गरजच नाही. फिकट सरबतावर लोकांचा आता जास्त विश्वास बसतो.

अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे. त्याखाली हातगाडीवाल्यालाही नोंदणी करावी लागते. नोंदणीचा क्रमांक दुकानात लावावा. जागेसाठी नगरपरिषदेकडे पथविक्रेता म्हणून अर्ज करावा. त्यासाठी २०१४ चा कायदा आहे. किल्ल्याच्या आत गाडी नेण्याचा हट्ट धरू नये, दरवाजाबाहेर सावली धरून बसावे. तेथेच थकलेला माणूस बाहेर येतो.

कारागिरांचा वाटा

हा धंदा एकट्या सरबतवाल्याचा नाही. मातीच्या माठातून पाणी झिरपते, बाहेर वाळते आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी तितका माठ गार. म्हणून कोकणात जो माठ निम्मेच काम करतो तो मराठवाड्यात पुरे काम करतो. कुंभाराकडून झाकणाचे व तोटीचे माठ बनवून घेतले तर बर्फाचा खर्चही कमी होईल.

कल्हईवाल्यांचे काम अलीकडे बसले आहे. पण तांब्या-पितळेच्या भांड्यात लिंबू, चिंच, ताक ठेवायचे तर कल्हई हवीच, नाहीतर आंबट पदार्थात धातू उतरतो. पितळेच्या चकचकीत सुरईतून पन्हे ओतणारे दुकान पाहुण्याच्या फोटोत येते, आणि कल्हईवाल्यालाही वर्षातून दोन-तीनदा काम मिळते. सुताराला गाडी, लोहाराला चरकाची दुरुस्ती, शिंप्याला ताडपत्री व छत, बुरुडाला टोपल्या असे एका सावलीखाली पाच-सहा घरांचे काम निघते.

शेवटी फिरण्याविषयी. पाहुण्याला घाईने परतू देऊ नका. उन्हाळ्यात किल्ला सकाळी दहाच्या आत आणि तलावाचा बांध संध्याकाळी पाहा, असे त्याला सांगा. मधल्या उन्हात कोठे बसावे, जेवण कोठे मिळेल, नमाजची जागा कोठे, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह कोठे, हे दुकानदाराला सांगता आले पाहिजे. मुलांना खंदकाच्या व तलावाच्या पाण्यात उतरू देऊ नका, असे आठवणीने बजावा. दोन तासांसाठी आलेला माणूस दिवसभर थांबला तर पेल्याचा धंदा तिप्पट होतो, हे कोणत्याही गल्ल्यावर बसणाऱ्याला शिकवावे लागणार नाही.

कंधारची पोरे रोजगारासाठी पुण्याला आणि हैदराबादला जातात, तेथे दुसऱ्याच्या हॉटेलात पेले विसळतात. त्यांतल्या दोघा-तिघांनी गावातच स्वच्छ पेला भरायला सुरुवात केली तर काय होईल, याचा विचार वडीलधाऱ्यांनी करावा. भांडवल थोडे लागेल, भागीदारीतही उभे राहील. पहिल्या उन्हाळ्यात एक गाडी, दोन माठ आणि तीनच पेये ठेवा. भाव पाटीवर लिहा, माप पूर्ण द्या. बरकत त्यातूनच येते.