वावरातली लांब लहर

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालं की वाटेत बोरी अरब येतं. अडाण नदीचं गाव. पावसाळ्यात धुऱ्यावर उभं राहिलं की चपलेला किलोभर काळी माती चिकटते. वैशाखात त्याच वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापूस, तूर, सोयाबीन पिकवणाऱ्या या मातीकडे रेडिओच्या हौशी माणसानं फारसं कधी पाहिलेलं नाही. त्याचं लक्ष टेबलावर असतं: ट्रान्झिस्टर, कॉईल, मीटर. पण वारंवारता खाली उतरत गेली की टेबलावरच्या यंत्राचं महत्त्व उतरत जातं आणि मातीचं वाढत जातं. घरी बांधलेल्या लांब लहरींच्या ट्रान्समीटरचा मोठा भाग जमिनीखाली असतो. तो समजून घ्यायला बोरी अरबसारखी जागा मला फार मोलाची वाटते.

आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेनं हौशी प्रक्षेपकांना अगदी खालचे दोन पट्टे दिले. २००७ साली १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ आणि २०१२ साली ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ. दुसरा पट्टा अवघा ७ किलोहर्ट्झचा आहे. मध्यम लहरींवरच्या एका आकाशवाणी केंद्राला जेवढी जागा लागते त्यापेक्षाही अरुंद. ४७५ किलोहर्ट्झला लहरीची लांबी ६३१ मीटर भरते. चांगल्या एरियलसाठी तिच्या चौथ्या हिश्श्याएवढा, म्हणजे १५८ मीटर उंच खांब हवा. दोन कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी तो पुरा होत नाही.

मोठ्या शक्तीचं टोक आपल्या विदर्भातच होतं. १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरहून सुरू झाली, १५६६ किलोहर्ट्झवर, १,००० किलोवॅट शक्तीनं. सूर्य मावळला की वातावरणातला लहरी शोषणारा खालचा थर विरतो आणि मध्यम लहरी शेकडो किलोमीटर पलीकडे उतरतात. म्हणून ती वाहिनी रात्रीची होती. हौशी माणसाच्या हाती मात्र साधारण एक वॅट. तोही यंत्रातून निघणारा नव्हे, तर सगळ्या दिशांना सारखी लहर फेकणाऱ्या काल्पनिक एरियलच्या मापानं मोजलेला एक वॅट.

घरगुती ट्रान्समीटर म्हटलं की मराठी वाचकाला १९४२ची मुंबई आठवावी. युद्ध सुरू होताच १९३९ साली सरकारनं हौशी प्रक्षेपकांना यंत्रं जमा करायला लावली होती. तरीही ऑगस्ट १९४२मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा काँग्रेस रेडिओ बोलू लागला. यंत्र उभारणीमागे नरिमन प्रिंटर यांचं तांत्रिक ज्ञान होतं. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घालेपर्यंत ते यंत्र मुंबईत घरं बदलत फिरत राहिलं. त्याची लहर होती ४२.३४ मीटरची. आजच्या भाषेत ७.०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे हौशी रेडिओचा आजही गजबजलेला ४० मीटरचा पट्टा. अर्ध्या लहरीची तार २१ मीटरची, गच्चीवर ताणता येण्याजोगी. यंत्र पाठीवर टाकून दुसऱ्या घरी जाता आलं ते या आखूड लहरीमुळे. ६३१ मीटरच्या लहरीवर ते धाडस जमलं नसतं. लांब लहर बिऱ्हाड हलवू देत नाही; ती जमिनीला बांधून घेते.

आता वावरात हिशेब मांडू. १२ मीटर उंचीचे दोन जीआय पाईप ३० मीटर अंतरावर उभे करायचे, एका टोकाशी तार सरळ वर न्यायची आणि तिथून आडवी दुसऱ्या पाईपापर्यंत. पाईपांना तार चिकटू द्यायची नाही. या उलट्या ‘एल’सारख्या एरियलचा किरणन-रोध, म्हणजे शक्तीचं लहरीत रूपांतर करणारा रोध, साधारण ०.४ ओहम निघतो. तार, कॉईल आणि मुख्यतः जमीन मिळून होणारा नासाडीचा रोध चांगल्या मांडणीतही ३० ओहम धरावा लागतो. म्हणजे शंभरातला दीड वॅटही आकाशात जात नाही. बाकीच्यानं माती कोमट होते. तरी परवानगीपुरती लहर फेकायला तारेत ०.९ अँपिअर प्रवाह आणि यंत्रातून २४ वॅट पुरतात. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर हे काम सुमारे अडीच अँपिअरमध्ये होतं.

याच तारेवर १३७ किलोहर्ट्झला गेलात तर आकडे अंगावर येतात. किरणन-रोध ०.०३५ ओहम. नासाडी ६० ओहम धरली तर साडेपाचशे वॅटहून अधिक शक्ती, तीन अँपिअर प्रवाह आणि कॉईलच्या वरच्या टोकाला १५,००० व्होल्ट. पहिला प्रयोग ४७५वरच करावा असं माझं ठाम मत आहे. तिथंही कॉईलच्या टोकाला १,३०० व्होल्ट असतात. त्या कोपऱ्याला कुंपण हवं, जनावराला तोंड लावता येणार नाही असं. जवळून ११ केव्हीची लाईन जात असेल तर जागाच बदलावी. आणि मृगाआधीच्या वळवात आभाळ भरून आलं की तार यंत्रापासून सोडवून थेट जमिनीला जोडावी, कारण यवतमाळच्या वावरात वीज माणसं मारते.

छोटी तार विद्युतदृष्ट्या एका कपॅसिटरसारखी वागते, इथं सुमारे २३० पिकोफॅरडच्या. तिला सुरात आणायला ४९० मायक्रोहेन्रीची कॉईल लागते. शेतात पाइपलाइनसाठी आणलेला १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप उत्तम साचा होतो: एक मिलिमीटरच्या इनॅमल तारेचे जेमतेम ५० वेढे. आत ९० मिलिमीटरच्या पाइपावर थोडे वेढे घेऊन ते फिरवता येतील असे बसवले की सूर हातानं जुळवता येतो. ही सोय चैनीची नाही. पावसानं इन्सुलेटर भिजले, वाऱ्यानं तार लोंबली, बाजूच्या लिंबाला पालवी फुटली, की सूर हलतो. ओली पानं लहर खातात. तार झाडापासून लांब ठेवावी.

आणि माती. ओली काळी जमीन वीज उत्तम वाहते. तिची विशिष्ट रोधकता १० ओहम-मीटर धरली तर ४७५ किलोहर्ट्झचा प्रवाह सव्वादोन मीटरपर्यंत खाली मुरतो. १३७ला तो चार मीटरच्या पुढे जातो. खाली मुरूम आणि दख्खनचा बेसाल्ट खडक लागतो, तो कोरडा असेल तर वीज वाहायला नाखूश. म्हणजे काळीचा थर किती खोल आहे, हे विहीर खणणाऱ्याला विचारण्याची गोष्ट रेडिओवाल्यानंही विचारावी. या मातीतली चिकण खनिजं पाण्यानं फुगतात आणि उन्हानं आकसतात. श्रावणात जमिनीत घट्ट बसलेली तांब्याची सळई चैत्र-वैशाखात भेगेत अक्षरशः मोकळी उभी असते. आपण यंत्रातला दोष शोधत बसतो आणि दोष असतो सळई आणि मातीतल्या बोटभर पोकळीत. मीठ-कोळशाचा खड्डा, त्यात ओतलेलं पाणी, हा आपल्याकडचा जुना उपाय इथंही चालतो, पण एकाच जागी. त्यापेक्षा एरियलखाली वीतभर खोल पुरलेल्या, चहूकडे पसरलेल्या दहा-पंधरा तारा आणि बोअरचं लोखंडी केसिंग यांची जोड अधिक भरवशाची. नांगरटीआधी त्या तारांची जागा मात्र खुणावून ठेवावी.

टेबलावरचं यंत्र त्या मानानं सोपं. ७.६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल मिळाला तर त्याला १६नं भागून थेट ४७५ किलोहर्ट्झ येतात. आज छोटं संश्लेषक मॉड्यूलही तेच काम करतं. पुढे दोन आयआरएफ५४० मॉसफेट आळीपाळीनं चालू-बंद करायचे. ते पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असल्यानं कमी तापतात. पण त्यातून निघते चौकोनी लहर, आणि चौकोनी लहरीच्या पोटात तिसरा पट असतो: १,४२५ किलोहर्ट्झ. तो थेट मध्यम लहरींच्या पट्ट्यात पडतो, शेजाऱ्याच्या रेडिओत. म्हणून गाळणी आधी, एरियल नंतर. परवाना तर त्याही आधी: केंद्रीय दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी आणि परवान्यात दिलेल्या पट्ट्यांवरच प्रक्षेपण करावं.

दोष शोधायची सुरुवात एरियलऐवजी जोडायच्या नकली भारानं करावी. एक किलो-ओहमचे दोन-दोन वॅटचे २० रोध समांतर जोडले की ५० ओहमचा ४० वॅट झेलणारा भार होतो. तारेचे वेढे असलेले रोध नकोत, तेच कॉईल होतात. या भारावर २४ वॅट म्हणजे ऑसिलोस्कोपवर टोकापासून टोकापर्यंत सुमारे ९८ व्होल्ट. माझ्या पहिल्या जुळणीत आकडा दोन मिनिटं बरोबर येई आणि मग हळूहळू घसरे. मी मॉसफेट बदलले, सोल्डरचे सांधे पुन्हा केले. शेवटी यंत्र बंद करून गाळणीतल्या एकेका भागाला बोट लावलं. एक सिरॅमिक कपॅसिटर चटका देत होता. साध्या सिरॅमिकची धारकता ताप आणि व्होल्टेजनुसार बदलते. गाळणीचा सूर बिघडतो, तो आणखी तापतो. भंगारातल्या टीव्हीमधले पॉलिप्रॉपिलीनचे कपॅसिटर लावले आणि घसरण थांबली. तेव्हापासून मी यंत्र बंद करून बोटानं ताप पाहतो आणि मगच मीटर हातात घेतो.

मॉसफेट मात्र न तापताही जातो. तारेचा सूर अचानक हलला की परतलेली शक्ती त्याच्यावर येते आणि क्षणात तो आरपार शॉर्ट होतो. गेटला जाणारी जोडणी बोटभराहून लांब असेल तर कडा थरथरते, दोन्ही मॉसफेट क्षणभर एकत्र चालू राहतात. जोडण्या आखूड ठेवाव्यात आणि १२ व्होल्टच्या वाटेत फ्यूज असावा.

ऐकण्याची अडचण वेगळी. एलईडी दिवे, मोटारींचे स्टार्टर, सोलर पंपाचे कंट्रोलर, सगळे याच पट्ट्यात खरखरतात. हे दुखणं जुनं आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४च्या सुमारास अलिबागला हलवावी लागली. वेध घेणाऱ्या यंत्रांना विजेचा शेजार मानवत नव्हता. बोरी अरबच्या वावरात रात्री लाईन गेली की बॅटरीवरच्या रिसीव्हरमधली खरखर एकदम खाली बसते. लोडशेडिंगला शिव्या देणाऱ्यांत मीही आहे, पण त्या तासात ऐकू येणारी शांतता शहरात विकत मिळत नाही.

त्या शांततेत दुबळी लहरही वाचता येते. नोबेल पारितोषिकाचे मानकरी खगोलशास्त्रज्ञ जो टेलर यांनी २००८ साली आणलेल्या पद्धतीत स्थानकाचं नाव, ठिकाण आणि शक्ती एवढाच ५० बिटांचा मजकूर ११० सेकंद घेऊन, अवघ्या ६ हर्ट्झ रुंदीत पाठवला जातो. कानाला खरखरीखाली काहीच लागत नाही, संगणक मात्र तो उकलतो. बोलण्याची घाई सोडली की एक वॅट लांबवर पोहोचतो.

अशा प्रयोगाची वही ठेवायची तर तिचे रकाने मी असे आखेन: तारीख, नक्षत्र, सळईशेजारची माती ओली की भेगाळलेली, आणि त्या दिवशीचा नासाडीचा रोध. मृगापासून सुरुवात करून पुढच्या मृगापर्यंत, दर आठवड्याला एक नोंद.