एकट्याची होडी

गेल्या भाद्रपदांत आमच्या एका पुतण्याचें अमेरिकेहून पत्र आलें. तो नोकरीनिमित्त फ्लॉरिडा प्रांतांत राहतो. पत्राचा मतलब असा कीं, तेथील एव्हरग्लेड्स नांवाच्या अरण्यमय किनाऱ्यावर येत्या हिंवाळ्यांत आठ-नऊ दिवस एकट्यानेंच होडींतून प्रवास करावयाचा व रात्रीं तंबू ठोकून राहावयाचें असें त्यानें योजिलें आहे. दोन होड्या त्याच्या मनांत भरल्या आहेत. त्यांपैकीं कोणती घ्यावी, ह्याविषयीं काकांचें मत काय? आमचें बाळपण दाभोळच्या खाडीवर गेलें व वल्हें हातीं धरण्याची थोडीशी संवय आम्हांस होती, एवढ्याच भांडवलावर हा मान आम्हांस मिळाला होता. पत्र रिवाजाप्रमाणें माजघरांत मोठ्यानें वाचण्यांत आलें. मुलगा एकटा जाणार हें ऐकून घरांत जी चर्चा झाली ती येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. त्याच्या मातोश्री, म्हणजे आमच्या वहिनी, शेवटीं एवढेंच म्हणाल्या, "भावजी, होडी कोणती तें तुम्ही ठरवा, पण ती उलटली तर त्यानें परत आंत कसें बसायचें, तें मला आधीं सांगा."

खरें सांगावयाचें तर आम्हीं तोंवर लांबी, रुंदी, वजन व किंमत ह्यांचाच हिशेब मांडला होता. वहिनींच्या ह्या एका प्रश्नानें तो सगळा हिशेब नव्यानें मांडावा लागला.

प्रथम ही होडी म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. तिकडे तिला कनू म्हणतात. दोन्ही टोकांस निमुळती, अंगानें हलकी, आणि खलाशानें पुढें तोंड करून वल्हवावयाची अशी ही नाव होय. आपल्या कोंकणांत एकाच खोडाची कोरलेली जी पगार असते तिचीच ही दूरची बहीण म्हणावयास हरकत नाहीं. मात्र आपल्या कोळ्यांनीं पुष्कळ ठिकाणीं होडीच्या एका बाजूस उलांडी बांधून तिचें उलटणें बंद केलें, तसा आधार ह्या अमेरिकन नावेस नसतो. तिचा तोल हा बसणाराच्या कमरेंत असतो.

पुतण्यास आवडलेली पहिली होडी पंधरा फुटी, वरून उघडी, केव्हलार नांवाच्या कृत्रिम धाग्याची व वजनास अवघी सोळा किलो. तिचीं दोन्ही टोकें डौलानें वर उचललेलीं. चित्रांत ती इतकी सुंदर दिसत होती कीं घरांतील मुलांनीं तिलाच कौल दिला. दुसरी सतरा फुटी, अरुंद, पुढून व मागून झांकलेली, बसण्यापुरतीच मध्यें मोकळी, पायानें फिरविण्याचें सुकाणूं असलेली, व वजनास पहिलीच्या जवळजवळ दुप्पट. हिला मत देणारें कोणीच नव्हतें.

एव्हरग्लेड्सचा किनारा आमच्या कल्पनेंतील समुद्रकिनाऱ्यासारखा नाहीं. १९४७ मध्यें राष्ट्रीय उद्यान झालेला हा प्रदेश म्हणजे तिवरांचें अफाट जाळें. एव्हरग्लेड्स सिटीपासून फ्लेमिंगोपर्यंत ९९ मैलांचा एक जलमार्ग तेथें आंखून दिलेला असून तो वल्हवीत जाण्यास निदान आठ दिवस धरावे लागतात. कोठें अरुंद खाड्या, कोठें कालवांचे धारदार खडक, कोठें मैलोगणती उघडें उथळ पाणी. व्हाइटवॉटर नांवाच्या उपसागरावर वारा सुटला म्हणजे लाटा आखूड व उभ्या येतात, आणि अशा लाटाच लहान होडीस अधिक वाईट. मार्गांतील एका अरुंद वाटेस 'नाइटमेअर' म्हणजे दुःस्वप्न असें नांव पडलें आहे. तेथून भरतीच्या वेळींच निघतां येतें, ओहोटीस सांपडल्यास चिखलांत बसून राहावें लागतें. मगर व तिचा चुलतभाऊ ॲलिगेटर हे दोघेही रानांत एकत्र नांदतात असें जगांत हें एकच स्थान, असें सांगतात. वहिनींस हें वाक्य आम्हीं वाचून दाखविलें नाहीं.

जेथें कोरडी जमीनच नाहीं तेथें सरकारनें पाण्यांत खांब रोवून त्यांवर छपराचे लांकडी माळे बांधिले आहेत. तद्देशीय सेमिनोल लोकांच्या झोंपड्यांवरून त्यांस चिकी हें नांव आहे. माळा सुमारें दहा फूट गुणिले बारा फूट. खुंट्या ठोकण्यास माती नसल्यामुळें तंबू आपल्याच काठ्यांवर उभा राहणारा पाहिजे. ओहोटीच्या वेळीं हा माळा बराच उंच होतो, आणि डुगडुगणाऱ्या होडींत उभें राहून त्यावर चढावें लागतें. होडी निवडतांना ही गोष्ट ध्यानांत घेणारे थोडेच.

आतां होडीकडे वळूं. भोजराजाच्या नांवावर प्रसिद्ध असलेल्या युक्तिकल्पतरु ह्या ग्रंथांत नौकांचा पहिला भेद 'सामान्य' व 'विशेष' असा केला आहे: सामान्य ती नदीची, विशेष ती समुद्राची, आणि विशेषेचेही पुढें दीर्घा व उन्नता असे दोन प्रकार. शाळेंत असतांना हें वर्गीकरण आम्हांस निव्वळ शास्त्री लोकांची विभागणीची हौस वाटे. ह्या प्रसंगीं त्याचा अर्थ ध्यानीं आला. आमच्या पुतण्यानें पहिली होडी पाहिली ती तळ्यावर. तळ्यावर ती उत्तमच. पण ती सामान्य होय. तिचीं उंच टोकें शांत पाण्यांत शोभतात, उघड्या उपसागरावर तींच वाऱ्याचीं शिडें होतात, व एकटा मनुष्य मधोमध बसलेला असल्यामुळें नाळ आपल्या जागीं धरून ठेवण्यास पुढें दुसरा कोणी नसतो.

हाच निवडीचा प्रसंग दीडशें वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका गृहस्थावर आला होता. नॅथॅनिएल बिशप हा १८७४ सालीं कॅनडांतील क्वेबेकहून मेक्सिकोच्या आखातापर्यंत जलमार्गानें जाण्यास निघाला. त्याची पहिली होडी अठरा फुटी, लांकडी, सुमारें ३०० पौंड वजनाची, आणि वल्हविण्यास बरोबर एक खलाशी. न्यूयॉर्क संस्थानांतील ट्रॉय ह्या गांवीं पोंचल्यावर त्यानें तेथील कारखान्यांत कागदाच्या नावा पाहिल्या. थट्टा नव्हे, सांच्यावर चिवट कागदाचे थर बसवून, वाळवून, वर रोगण चढवून त्या करीत. बिशपनें चौदा फूट लांब, अठ्ठावीस इंच रुंद व ५८ पौंड वजनाची एक नाव करविली, खलाशास निरोप दिला, आणि एकट्यानें पुढची वाट धरली. अडीच हजार मैलांच्या एकूण प्रवासांतील सुमारें दोन हजार मैल त्या कागदी नावेनें काढले व १८७५ च्या वसंतांत ती फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यास सुखरूप लागली. एकट्याची होडी एकट्यास उचलतां आली पाहिजे, हें त्यानें ट्रॉय येथें जाणलें. परंतु पुढें डेलावेअरच्या उपसागरांत, हिंवाळ्याच्या तोंडावर, ती नाव उलटली आणि थंड पाण्यांतून तो कसाबसा किनाऱ्यास लागला, हेंही त्याच गोष्टींत आहे. पुतण्यानें आपल्या पत्रांत बिशपचा दाखला दिला होता. उलटण्याचा भाग मात्र गाळला होता.

वजनाविषयीं आणखी एक गोष्ट आम्हांस हिशेब करतांनाच सुचली. ह्या मार्गावर पिण्याचें पाणी मुळींच नाहीं. माणशीं रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, पाणी बरोबर न्यावें असा उद्यानाचा सल्ला आहे. आठ दिवसांचें तीस लिटर, म्हणजेच तीस किलो झालें. (तेंही कठीण भांड्यांतच, तेथील रॅकून नांवाचा धूर्त प्राणी पातळ पिशव्या दांतांनीं फाडून गोडें पाणी पितो.) म्हणजे सोळा किलोच्या होडींत तिच्याहून दुप्पट वजनाचें नुसतें पाणीच बसणार. निघतांना हा भार होडीस स्थिर ठेवतो. पण तो रोज पावणेचार किलो कमी होत जातो, होडी वर उचलली जाते, आणि उत्तरेकडून निघालेला मनुष्य व्हाइटवॉटरच्या उघड्या पाण्यावर येतो तो शेवटीं शेवटीं, म्हणजे होडी सर्वांत हलकी व अंग सर्वांत थकलेलें असतांना. ह्यास उपाय साधा आहे: रिकाम्या झालेल्या भांड्यांत खारें पाणी भरून तीं तळाशीं ठेवावीं, मात्र त्यांवर ठळक खूण करावी. वारा समोरून असेल तर भार किंचित् पुढें सरकवावा, पाठीमागून असेल तर मागें. ज्या होडींत बैठकही पुढेंमागें सरकते तिच्यांत हें काम अधिक सोपें होतें.

अशा होडीचा पुरस्कर्ता म्हणून व्हर्लेन क्रुगर ह्याचें नांव घेतलें पाहिजे. मिशिगनमधील हा नळाचीं कामें करणारा गृहस्थ चाळिशी उलटल्यावर वल्हें मारावयास लागला, आणि १९८० ते १९८३ ह्या काळांत एका सोबत्यासह, पण प्रत्येकानें आपआपली होडी वल्हवीत, अठ्ठावीस हजार मैल हिंडला. नद्या, सरोवरें व खुला समुद्र तिन्ही त्यांत आले. त्यानें स्वतः रचलेल्या होड्या झांकलेल्या, ठेंगण्या, पायाच्या सुकाणूंच्या. त्या पाहतांना डोळ्यांस सुख होत नाहीं, असें आमचें मत. परंतु सुकाणूं पायाशीं असल्यामुळें बाजूच्या वाऱ्यांत होडी सरळ ठेवण्यापायीं प्रत्येक वल्ह्यांतील अर्धी शक्ति वायां जात नाहीं, आणि दिवसभराच्या वल्हवण्यांत त्याचा अर्थ फार मोठा होतो. तो २००४ सालीं वारला.

एवढें झाल्यावर आम्हीं पुतण्यास लिहिलें कीं, मत मागूं नकोस, परीक्षा कर. दोन्ही नमुन्यांच्या होड्या ओळखीच्यांकडून मागून आण. तळ्यांत, ऊन असतांना, मित्र जवळ ठेवून, तरणपट्टा अंगांत घालून, दोन्ही बुद्ध्याच उलट्या कर. आणि आंत परत बैस. किती वेळ लागला तें आईस कळव.

त्याचें उत्तर प्रामाणिक होतें. उघडी होडी उलटली तशी शेंकडों लिटर पाणी तिच्यांत शिरलें. ती सुलटी करून तो कांठावरून आंत चढूं पाहे तों तो कांठच पाण्याखालीं जाई व पुन्हां ती भरे. पांच वेळां प्रयत्न करून अर्ध्या तासानें तो थकून पोहत तीरास आला. झांकलेलीच्या दोन्ही टोकांत हवेच्या पिशव्या असल्यामुळें तिच्यांत पाणी थोडेंच शिरलें. वल्ह्याच्या पात्यास फुगवलेली पिशवी बांधून, तिचा आधार घेऊन तो चौथ्या खेपेस आंत आला व हातपंपानें पाणी काढलें. पुढें आठवडाभर हाच अभ्यास केल्यावर तेंच काम पांच मिनिटांच्या आंत होऊं लागलें. उघड्या होडीसही वरून कापडी आच्छादन व आंत पिशव्या बसवितां येतात, व अनुभवी लोक तसें करून समुद्रावर जातात. पण मग तिचा हलकेपणा व मोकळेपणा हे दोन्ही गुण बरेचसे गेले, आणि घेणार तरी काय, असा प्रश्न उरतो.

दुसरी होडी उचलण्यास जड, ही तिची उणीव खरी. परंतु ह्या मार्गावर होडी डोक्यावर घेऊन चालण्याचे प्रसंग जवळजवळ येत नाहींत; किनाऱ्यावर ओढतांना कालवांनीं तळ खरवडला जातो, तेथें कांचतंतूचा जाड तळ पातळ केव्हलारपेक्षां अधिक सोसतो. चिकीवर चढण्याची अडचण मात्र राहिली. अरुंद होडींत उभें राहूं नये. आधीं माळ्याच्या खांबास पुढून व मागून दोर बांधावा, दोरास भरतीइतकी ढील ठेवावी, मग गुडघ्यांवर येऊन छातीनें माळ्यावर जावें. गुडघे मुडपून तासन्‌तास बसणें तिकडील लोकांस फार जड जातें म्हणे; लहानपणीं वज्रासनांत बसवून आम्हीं ह्याच मुलाकडून रूपावली घोकून घेतली, त्याचा असा उपयोग होईल हें तेव्हां कोणास ठाऊक होतें!

होडी ठरली; जुनी पण सांधा शाबूत असलेली दुसऱ्या नमुन्याची होडी त्यानें घेतली आहे. पौष महिन्यांत निघण्याचा बेत आहे, कारण उन्हाळ्यांत तेथें डांस व वादळें ह्यांचेंच राज्य असतें. कोणत्या रात्रीं कोणत्या मुक्कामीं, हें उद्यानाच्या परवान्यावर नोंदवावें लागतें. तीच यादी त्यानें घरीं पाठविली. वहिनींनीं ती देवघराबाहेरच्या दिनदर्शिकेवर त्या त्या तारखेखालीं बारीक अक्षरांत उतरून घेतली असून, नवव्या दिवसापुढें 'फोन' एवढाच शब्द लिहिला आहे.