विश्लेषण : पोस्ट चुकू नये म्हणून... 'वेब फीड' म्हणजे काय?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा वरोऱ्याचा विद्यार्थी यूट्यूब चॅनल, रेडिटवरचे समूह आणि बातम्यांची संकेतस्थळे अशा अनेक ठिकाणी नजर ठेवतो. तरीही अर्जाची मुदत संपल्यावर कामाची पोस्ट समोर येते. कारण आपल्याला आधी काय दाखवायचे, हे बहुतेक समाजमाध्यमांवर अल्गोरिदम ठरवतो. यावर जुना, मोफत उपाय आहे, तो म्हणजे वेब फीड.

हे नेमके काय असते?

फीड ही संकेतस्थळाने तयार केलेली नव्या मजकुराची यादी असते. त्यात शीर्षक, तारीख आणि दुवा असतो. 'फीड रीडर' अॅप अशा अनेक याद्या ठरावीक वेळाने तपासते आणि नवे ते एकाच ठिकाणी दाखवते.

ही पद्धत कधीपासून आहे?

'आरएसएस' हे फीडचे रूप नेटस्केप कंपनीने १९९९ मध्ये आणले. 'अॅटम' हे दुसरे रूप २००५ मध्ये प्रमाणित झाले. लोकप्रिय 'गुगल रीडर' २०१३ मध्ये बंद झाले, पण फीड टिकून राहिले. आजही पॉडकास्ट फीडवरच चालतात.

मोबाइलवर सुरुवात कशी करावी?

अँड्रॉइडवर 'फीडर', आयफोनवर 'नेटन्यूजवायर' किंवा दोन्हींवर 'फीडली' घ्या. यूट्यूब चॅनलचा पत्ता रीडरमध्ये टाकला की फीड बहुधा आपोआप सापडते. रेडिटवरील समूहाच्या किंवा मॅस्टोडॉनवरील खात्याच्या पत्त्यापुढे 'डॉट आरएसएस' जोडावे.

वरोऱ्याला याचा काय उपयोग?

२००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया स्वयंसेवक लिहितात. त्यातील बहुतेक लेखांत कोणीही बदल करू शकतो. वरोरा शहरावरील किंवा येथील आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमटे यांच्यावरील लेखात चुकीची माहिती घुसली, तर ती कोणाच्या लक्षात येणार? लेखाच्या 'इतिहास' पानाचे अॅटम फीड जोडून ठेवले की प्रत्येक बदल रीडरमध्ये दिसतो. गावाच्या माहितीवर असा पहारा गावातूनच ठेवता येतो.

मर्यादा कोणत्या?

व्हॉट्सअॅप समूह फीड देत नाहीत. बातमी खरी की खोटी, हेही फीड सांगत नाही. शिवाय पन्नास फीड एकदम जोडली, तर वाचायचे राहिलेल्यांचा ढीगच वाढतो. सुरुवात पाच फीडने करावी आणि आठवडाभर जे उघडले नाही, ते काढून टाकावे.