धुराड्याचा धूर आणि घरचे दूध

१ जानेवारी २०२५ च्या रात्री आम्ही इंदूरकर नववर्षाच्या शुभेच्छा देण्याघेण्यात गुंतलो होतो. त्याच रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरांतून पीथमपूरकडे निघाला. १९८४ च्या वायुकांडाला तेव्हा चाळीस वर्षे होऊन गेली होती. पीथमपूर धार जिल्ह्यात असले, तरी आमच्या शहरापासून ते जेमतेम तीस किलोमीटरवर. ३ जानेवारीला तेथे बंद पाळला गेला आणि दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला.

पुढे न्यायालयाच्या देखरेखीखाली फेब्रुवारीअखेरीपासून दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या. ताशी १३५, मग १८०, मग २७० किलो. उरलेला ३०७ टन कचरा जूनअखेर जाळून संपला. उत्सर्जन मर्यादेत होते, असे जाहीर झाले. त्या आकड्यांवर अविश्वास दाखविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ते आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे घरोघरी कळावयास हवे.

धुराड्यावरील यंत्रे धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन क्लोराइड, कार्बन मोनॉक्साइड यांची नोंद अखंड घेत असतात. ज्याची खरी धास्ती, ते डायॉक्सिन मात्र या नोंदीत येत नाही. त्यासाठी धुराड्यात नळी घालून, आतील वायूच्याच वेगाने, कित्येक तास नमुना ओढावा लागतो व प्रयोगशाळेत तपासावा लागतो. डायॉक्सिन व फ्युरान यांची भावंडे एकूण २१०. त्यांपैकी सतरा विशेष विषारी. प्रत्येकाच्या विषाला वेगळे वजन देऊन बेरीज करतात. आपल्याकडील मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचाही दहावा हिस्सा. हा हिशेब ११ टक्के प्राणवायू गृहीत धरून करतात. नाही तर गवळ्याने दुधात पाणी घालावे तशी धुरात हवा मिसळून कोणीही आकडा उतरवील!

क्लोरीनयुक्त कचऱ्यासाठी दुसऱ्या भट्टीत ११०० अंश सेल्सिअस उष्णता व वायूला दोन सेकंदांचा अवधी आवश्यक असतो. त्यानंतर वायू झपाट्याने निववावा लागतो. कारण सुमारे ४५० ते २०० अंशांच्या टप्प्यात रेंगाळल्यास मोडलेले डायॉक्सिन पुन्हा जुळून येते. म्हणजे नमुना ज्या तासांत घेतला, त्या तासांपुरतीच त्याची ग्वाही. भट्टी पेटविताना, विझविताना वा वीज गेली असता काय घडले, हे त्यातून कळत नाही.

शिवाय माणसाच्या शरीरात डायॉक्सिन मुख्यतः श्वासातून जातच नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक अन्नातून येते: दूध, अंडी, मांस, मासळी यांतील स्निग्धांशातून. धुरातून चाऱ्यावर, चाऱ्यातून गाईत, गाईतून आपल्या पेल्यात. म्हणून आरोग्याचा धोका ठरवावयाचा, तर भट्टीला लागून असलेल्या तारपुऱ्याची माती, तेथील कोंबड्यांची अंडी व गाईगुरांचे दूध तपासले पाहिजे. आणि ज्वलनापूर्वीचे मोजमाप शेजारी ठेवले पाहिजे. पहिले माप नसेल, तर दुसऱ्याचा अर्थ कोणी लावावा?

राहिली राख. चुना वगैरे मिसळावा लागल्याने ती मूळ कचऱ्याच्या दुपटीहून अधिक, आठशे टनांवर भरली. धातू काही जळून नाहीसे होत नाहीत. पारा वाफेतून निसटू पाहतो, इतर बहुतेक राखेत उरतात. ती राख जेथे पुरली जाईल, तेथील विहिरींचे पाणी वर्षानुवर्षे तपासावे लागेल, आणि तो अहवाल आसपासच्या गावांना त्यांच्या भाषेत वाचावयास मिळाला पाहिजे.