चित्रातल्या कुत्र्याला काय वाटलं असेल?

'सर्वांशी प्रेमाने वागावे' हा सुविचार फळ्यावर दरवर्षी येतो. मुलं तो छान अक्षरात उतरवून घेतात आणि मधल्या सुट्टीत एकमेकांना ढकलतात. चित्रपुस्तक उपदेश करत नाही, ते दुसऱ्याचा चेहरा समोर ठेवतं आणि हवा तेवढा वेळ बघू देतं.

मॉरिस सेंडाक यांचं १९६३ सालचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' घ्या. इंग्रजी मजकूर थोडासाच आहे. मी चित्रं दाखवत गोष्ट मराठीतच सांगते. लांडग्याचा पोशाख घालून मॅक्स घरात धुमाकूळ घालतो, आईला उलट बोलतो आणि उपाशी झोपायची शिक्षा मिळते. मग खोलीतच जंगल उगवतं. तो अक्राळविक्राळ प्राण्यांच्या मुलखात जाऊन राजा होतो, पण घरची आठवण येऊन परततो. खोलीत जेवण ठेवलेलं असतं, गरम.

सुरुवातीला एका पानावर मॅक्स काटा घेऊन कुत्र्याच्या मागे लागलाय. मजकुरात कुत्र्याचा उल्लेखसुद्धा नाही! इथे थांबा. मुलं आधी हसतात, हसू द्या. मग विचारा, "कुत्र्याला काय वाटत असेल?" कुणीतरी म्हणतं, "बाई, तो घाबरलाय." "कशावरून?" म्हटलं की सगळे माना पुढे काढून चित्र निरखायला लागतात. चेहरा, अंग, पळण्याची दिशा यांवरून दुसऱ्याच्या मनातलं ओळखायचा हा सराव आहे.

आई तर एकाही चित्रात नाही. "जेवण ठेवताना तिचा राग गेला होता का?" यावर वर्गात दोन तट पडतात. दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "राग होता. पण त्याला भूक लागली असेल ना!" यावर मी काहीच जोडलं नाही. आणि मॅक्सला 'वाईट मुलगा' ठरवून मोकळं होऊ नका. तो इतका का चिडला, हेही मुलांनाच शोधू द्या.

एक सावधगिरी मात्र हवी. वर्गात बोबडं बोलणाऱ्या मुलाला चिडवत असतील, तर मुद्दाम तशाच मुलाची गोष्ट काढू नका. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळतात आणि तो आणखी एकटा पडतो. चिडवणाऱ्यांशी वेगळं आणि स्पष्ट बोलायला हवं. ते काम पुस्तकावर ढकलता येत नाही. पुस्तकातला कुत्रा बरा, त्याची बाजू घ्यायला कुणी बिचकत नाही.

पालकांनी माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'पासून सुरुवात करावी. घरातलीच माणसं आहेत, त्यामुळे "आपली आजी असं करते का?" हे आपोआप निघतं. पान मुलाला उलटू द्या. "मग यातून काय शिकलास?" हा प्रश्न ओठांवर आला तरी गिळून टाका.

वाचून झालेलं पुस्तक कपाटात कुलूपबंद करू नका. मधल्या सुट्टीत दोघंतिघं येतात आणि फक्त कुत्र्याचं पान उघडून बघून जातात.