ग्रामसभेला कोण आले नव्हते?

ग्रामसभा म्हटली की हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी ही नावे हमखास निघतात. नगर जिल्ह्याने (२०२४ पासून अहिल्यानगर) गावाने एकत्र बसून कारभार कसा करावा याचा धडा देशाला घालून दिला, हा आपला अभिमान रास्तच आहे. हिवरे बाजारला १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि दुष्काळाने खचलेले गाव सावरू लागले. पावसाळा सरला की तिथे पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो. आधी माणसे आणि जनावरे, मग शेती, असा हिशेब लावून रब्बीत काय पेरायचे ते ठरते. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, हा नियम श्रीमंतालाही सुटलेला नाही.

तरीही ‘गावाचे एकमत’ हे शब्द कानी पडले की मी जरा सावध होतो. चराईबंदीचेच घ्या. बागाईतदाराला तिची झळ फारशी लागत नाही. चार शेळ्यांवर चूल पेटवणाऱ्या भूमिहीन बाईला लागते. हात दोघांचेही वर होतात, पण किंमत एकच घर मोजते. हिवरे बाजारने गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा ठेवली. माझ्या मते बंदीइतकेच महत्त्व या मुभेला आहे.

कायदा गणपूर्तीसाठी फार मागत नाही. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरे. सभा तहकूब झाली, तर पुढच्या खेपेला तेवढेही लागत नाहीत. म्हणजे एखादी अख्खी वस्ती गैरहजर असली तरी ठराव कायदेशीरच!

आणि गैरहजेरी नेहमी उदासीनतेची नसते. २६ जानेवारीच्या सभेला पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कित्येक घरे कुलूपबंद असतात. माणसे कोयता घेऊन उसाच्या फडात गेलेली असतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पुढच्या वर्षीच्या कामांचा आराखडा मात्र थंडीतच आकार घेतो. कोणी गावात असूनही गप्प राहतो. सोनई येथे २०१३ मध्ये आणि खर्डा येथे २०१४ मध्ये दलित तरुणांच्या हत्या झाल्या. अशा घटना ज्या जिल्ह्याने पाहिल्या, तिथे भर सभेत विरोधाचा हात वर करणे सगळ्यांना सारखेच सोपे आहे, असे कोण म्हणेल?

उपाय शोधायला दूर जायला नको. दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिलांनी गुप्त मतदान मागितले, तर ते घेण्याची तरतूद राज्यात आहे. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणून ती घरोघरी ठाऊक आहे. सासऱ्यासमोर न बोलणारी सून चिठ्ठीवर बोलते. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असेही कायदा सांगतो. ती केवळ सह्यांपुरती उरू नये. अकोल्याच्या पश्चिमेकडील अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी महादेव कोळी आणि ठाकर पाड्यांना आपली स्वतंत्र ग्रामसभा मागण्याची वाट खुली केली आहे. माणसांना चावडीवर बोलावण्याऐवजी सभाच त्यांच्या अंगणात नेण्याचा हा विचार आहे.

तोच विचार इतर गावांनाही परवडणारा आहे. टोळ्या परतल्यावर आराखडा पुन्हा एकदा वाचावा. एक सभा देवळापुढे झाली, तर पुढची दलित वस्तीत व्हावी. आणि प्रत्येक ठरावाखाली एक ओळ जास्तीची लिहावी: या निर्णयाचा भार कोणावर पडेल आणि त्याला विचारले का? यात वेळ जाईल, कुरबुरी होतील, हे मान्य. पण न विचारता घेतलेला निर्णय पुढे वर्षानुवर्षे पाळून घ्यावा लागतो, त्यापेक्षा दोन संध्याकाळची कुरबूर स्वस्तच पडते. ठरावाच्या वहीत हजर असलेल्यांच्या सह्या असतातच. ग्रामसेवकाने आणि सरपंचाने कोऱ्या राहिलेल्या जागाही मोजायला शिकले पाहिजे.