कानांचे शिक्षण

‘या मुलांना इंग्रजी येत नाही’ हे निदान महाविद्यालयात सर्रास केले जाते. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला इंग्रजी शिकवतो, आणि हे निदान मला मान्य नाही. व्याख्यानातले वाक्य फळ्यावर लिहिले, की त्यातले बहुतेक शब्द याच मुलामुलींना ओळखता येतात. कानावर पडले, की तेच हरवतात. ज्या घरात वडील फोनवर इंग्रजी बोलतात, तिथल्या मुलाला ऐकण्याची सवय फुकट लागते आणि तिलाच पुढे बुद्धिमत्ता म्हटले जाते! वस्तीतल्या मुलाने इंग्रजी पुस्तकात पाहिलेली असते, ऐकलेली नसते.

मराठीत आपण बहुतेक अक्षरे स्पष्ट उच्चारतो. इंग्लंड-अमेरिकेच्या बोलण्यात वजन महत्त्वाच्या शब्दांवर पडते आणि लहान शब्द दबतात. ‘अँड’चा नुसता ‘न्’ उरतो. ‘कॅन’चा ‘कन्’ होतो, ‘कान्ट’ मात्र ठसठशीत राहतो. हा फरक निसटला, की होकाराचा नकार होतो. हे व्याकरणाच्या तासाला कुणी सांगत नाही.

म्हणून मी एक मिनिटाचाच तुकडा घेतो. एनपीटीईएलची व्याख्याने त्यासाठी सोयीची आहेत: विनामूल्य, आणि अनेकांची लिखित संहिताही मिळते. पहिल्यांदा पेन खाली ठेवून ऐकायचे. दुसऱ्यांदा फक्त जोर दिलेले शब्द टिपायचे. मग दोघांनी मिळून वाक्ये उभी करायची, आणि शेवटी संहितेशी ताडून कोणता शब्द कुठे गिळला गेला ते शोधायचे. श्रुतलेखनाने हे साधत नाही. तिथे मास्तर थांबत थांबत सांगतात, व्याख्याता थांबत नसतो.

दुसरे काम वळणे ओळखण्याचे. ‘हाउएव्हर’ आले, की वक्ता आधीचे खोडणार. ‘फॉर इन्स्टन्स’ आले, की उदाहरण. मुद्दा येऊन गेला. प्रत्येक शब्द उतरवणारा विद्यार्थी तिसऱ्या वाक्याला मागे पडतो.

टिपणे मी मराठीत घेऊ देतो. काही सहकाऱ्यांना हे रुचत नाही. पण इथे परीक्षा कानांची आहे, इंग्रजी लेखनाची नव्हे.

परदेशी शिष्यवृत्तीची आस धरणाऱ्यांना तर हे टळत नाही. अनेक विद्यापीठे मागतात त्या आयईएल्ट्समध्ये श्रवणाचे ४० प्रश्न असतात आणि ध्वनिफीत एकदाच ऐकवतात.

माझ्याकडे भाषा-प्रयोगशाळा नाही. एक मोबाइल आणि छोटा स्पीकर आहे. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचतो का, एवढे मी आधी पाहून घेतो.